मोसंबीची सड: औषधाच्या टाकीआधी आणि टाकीनंतर काय करायचं

आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या मोसंबीची) तोडणी सुरू झाली की जालना, अंबड, घनसावंगी, पैठण पट्ट्यात एक दृश्य शेडोशेड दिसतं. दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्यात बोअरचं पाणी, अंदाजाने ओतलेली बुरशीनाशकाची पुडी आणि सकाळी कालवलेल्या त्याच पाण्यातून संध्याकाळपर्यंत निघणारी मोसंबी. माल ओलाच खोक्यात जातो. पाचव्या-सहाव्या दिवशी लांबच्या बाजारात खोकं उघडलं की कोपऱ्यातल्या दोन फळांवर पांढरी गोल चकती आणि तिच्या मधोमध हिरवी भुकटी. तिकडून फोन येतो आणि इकडे निकाल लागतो: औषध डुप्लिकेट निघालं.

बहुतेक वेळा औषध बरं असतं. क्रम चुकलेला असतो, नाहीतर माप, नाहीतर वेळ. हिरवी आणि निळी बुरशी धडधाकट सालीतून आत शिरू शकत नाही, तिला जखम लागते. तोडताना, ओतताना, वाहताना साल खरचटली की तिथे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, बसतो आणि एक-दोन दिवसांत रुजतो. औषधाचं काम त्या जखमेच्या तोंडाशी, बीजाणू रुजण्याच्या आधी. बुरशी सालीखाली उतरली की वरून कितीही बुडवा, ती सड थांबत नाही. म्हणून तोडणीपासून औषधापर्यंत २४ तास, हे या सगळ्या कामातलं पहिलं माप.

## आधी सड ओळखा

सगळ्या सडीला एकच औषध चालत नाही. खराब झालेली दहा-बारा फळं शेडच्या बाहेर नेऊन नीट बघा.

हिरव्या बुरशीत आधी पाणचट मऊ डाग पडतो, बोट लावलं की साल आत दबते. मग पांढरा थर, आणि त्याच्या मधून हिरवी भुकटी. भुकटीभोवती पांढरी किनार रुंद राहते. निळ्या बुरशीत ही किनार अरुंद असते आणि शेजारच्या फळाला नुसता स्पर्श झाला तरी ती पसरते, त्यामुळे खोक्यात चार-सहा फळांचा घोळकाच सडलेला सापडतो. या दोन्हींवर टाकीतलं औषध चालतं.

आंबट सडीत भुकटी नसते. फळ लिबलिबीत होतं, पाणी सुटतं, आंबूस वास येतो, चिलटं घोंगावतात. ही बुरशी मातीतून येते. कार्बेन्डाझिम, थायाबेन्डाझोल, इमॅझालिल या टाकीतल्या नेहमीच्या बुरशीनाशकांपैकी कशालाही ती दाद देत नाही. पावसाळी तोडणीत "औषध लावूनही माल गेला" अशी जी ओरड होते, त्यात पुष्कळदा हीच असते.

देठकूज देठाच्या टोपीपासून सुरू होते आणि गाभ्यातून खाली उतरते. बाहेरून डाग लहान दिसतो, फळ कापलं की मधला दांडा तपकिरी निघतो. तिची बुरशी झाडावरच्या वाळलेल्या काड्यांवर राहते. आणि जमिनीलगतच्या फळांना चामड्यासारखा तपकिरी डाग पडला असेल, तर ती फायटोफ्थोरा या मातीतल्या बुरशीची सड. वर सांगितलेली तिन्ही औषधं तिच्यावर चालत नाहीत. खालच्या फांद्यांना आधार देणं, पाणी साचू न देणं आणि बागेतलीच फवारणी हा तिचा उपाय.

## टप्पा १: तोडणीच्या आधी बाग

वाळलेल्या काड्या, सल तोडणीच्या दीड-दोन महिने आधी छाटून बागेबाहेर न्या. छाटून झाडाखालीच टाकल्या तर काम अर्धं राहिलं. गळालेली फळं रोज वेचा आणि दोन फूट खोल पुरा. बांधावर ढीग करून ठेवलेली गळ म्हणजे बुरशीचं आणि फळमाशीचं बियाणंच.

पावसाळ्याच्या शेवटी रस शोषणारा पतंग रात्री येतो आणि सालीत टाचणीएवढं भोक पाडतो. दुसऱ्या दिवशी ते दिसतही नाही, पण फळ हलकं दाबलं की त्यातून रसाचा थेंब येतो. असं फळ कुठल्याही औषधाने टिकणार नाही. पतंगाचा त्रास असलेल्या बागेतला माल साठवणुकीला धरूच नका, जवळच्या बाजारात लगेच काढा.

बागेत शेवटची फवारणी कशाची केली ते वहीत लिहा, तारखेसह. दोन कारणं आहेत. एक म्हणजे लेबलवर दिलेला फवारणी ते तोडणी हा प्रतीक्षाकाळ पाळावाच लागतो. दुसरं कारण टप्पा ६ मध्ये येईल, आणि तिथे ही वही नसली तर औषध निवडता येत नाही.

## टप्पा २: तोडणी

सडीविरुद्धचं निम्मं काम तोडणीतच होतं, आणि सगळ्यात जास्त हयगयही तिथेच.

पाऊस पडत असताना किंवा दंव असताना तोडू नका. ओल्या फळाची साल पाण्याने ताठ असते. हलक्या दाबानेही सालीतल्या तेलाच्या पेशी फुटतात, तेल बाहेर येऊन चट्टे पडतात आणि बुरशीला वाट होते. पाऊस उघडल्यावर दोन दिवस जाऊ द्या. रोजच्या तोडणीला फळ हाताला कोरडं लागल्यावरच हात घाला, मग नऊ वाजोत की दहा.

मोसंबी पिळून ओढली की देठाजवळ सालीचा तुकडा निघतो. नखाएवढी ती गोल जखम म्हणजे बुरशीला सरळ दार. कात्रीने दोन वेळा कापा: एकदा फांदीपासून, दुसऱ्यांदा देठ टोपीच्या बरोबरीने. देठ अर्धा सेंटिमीटर जरी वर राहिला तरी तो कॅरेटमध्ये शेजारच्या फळात घुसतो. तोडणाऱ्यांची नखं कापलेली हवीत, हातमोजे असले तर उत्तम. उक्ती बाग दिली असेल आणि टोळी व्यापाऱ्याची असेल तर हे बोलणं सौद्याच्या वेळीच करून घ्या. टोळी बागेत उतरल्यावर कोणी ऐकत नाही.

फळं झाडाखाली मातीवर ओतून ढीग लावू नका. आंबट सड तिथूनच लागते. थेट कॅरेटमध्ये, आणि कॅरेट काठाच्या दोन बोटं खाली. काठोकाठ भरलेल्या कॅरेटवर दुसरं ठेवलं की वरचा थर चिरडतो. जमिनीवर पडलेलं फळ, कितीही चांगलं दिसो, वेगळ्या कॅरेटमध्ये.

तपासा: भरलेल्या कॅरेटमधून डोळे मिटून २५ फळं काढा. देठाशी साल निघालेली, नख लागलेली, देठ वर राहिलेली किती, ते मोजा. २५ मध्ये दोनपेक्षा जास्त निघाली तर तोडणी तिथेच थांबवा आणि हात सुधारा. या जखमा टाकीत भरून येत नाहीत.

## टप्पा ३: शेड आणि निवड

एका बुरशी आलेल्या फळावर बीजाणू अब्जाच्या घरात असतात. ते फळ शेडमध्ये उचलून आपटलं की भुकटी उडते आणि सगळ्या मालावर बसते. म्हणून सडकं फळ जागच्या जागी प्लास्टिक पिशवीत हळूच घ्या, तोंड बांधा, बाहेर न्या. शेड कोरडी झाडू नका, पाणी मारून पुसून घ्या. परत आलेला सडका माल आणि धुतलेला ताजा माल एकाच छपराखाली नको.

कॅरेट आधी साध्या पाण्याने घासून माती काढा, मग २०० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत २०० भाग) क्लोरीनच्या पाण्यात बुडवा. माती तशीच ठेवून क्लोरीन वापरलं तर क्लोरीन मातीवरच खर्च होतं.

निवड धुण्याच्या आधी करायची. तडकलेली, मऊ, भोक असलेली, टोपी निघालेली फळं बाहेर. टाकीत एक सडकं फळ गेलं तर त्या पाण्यातून पुढचा सगळा माल निघणार आहे, हे निवडणाऱ्याला सांगून ठेवा.

उन्हातून आलेला माल आधी सावलीत निवू द्या. गरम फळ गार पाण्यात टाकलं की फळातली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून घाण पाणी आत ओढलं जातं. पाणी फळापेक्षा गार नको, एवढं बघा.

## टप्पा ४: क्लोरीनचं धुणं

इथून पुढे मापं लागतात. सगळ्यांना एकच सूत्र पुरतं:

एका लिटर पाण्याला लागणारे मिलि किंवा ग्रॅम = हवे असलेले पीपीएम ÷ (बाटलीवरचे टक्के × १०)

क्लोरीनसाठी वापरायचं सोडियम हायपोक्लोराइट (हायपो) ४ टक्क्यांचं असेल आणि १०० पीपीएम हवं असेल तर १०० ÷ ४० = २.५ मिलि एका लिटरला. ३०० लिटरच्या टाकीला ७५० मिलि. तेच १० टक्क्यांचं असेल तर ३०० मिलि. उन्हात राहिलेल्या जुन्या कॅनमध्ये बाटलीवर लिहिलेली ताकद उरत नाही, म्हणून नुसत्या सूत्रावर विसंबू नका. क्लोरीनची पट्टी बुडवून बघा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. पीएच, म्हणजे पाणी किती आंबट की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ८ च्या वर गेला की क्लोरीन पाण्यात असूनही बुरशी मारण्यात ढिलं पडतं. पीएच ६.५ ते ७.५ च्या दरम्यान आणा. त्यासाठी लिंबूसत थोडं थोडं, एका वेळी १०-१५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून टाकीत घाला, ढवळा, पट्टी बघा.

सावधान: लिंबूसत किंवा कुठलंही आम्ल हायपोच्या कॅनमध्ये किंवा घट्ट द्रावणात कधीही ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद शेडमध्ये माणूस कोसळतो. आधी पाण्याचा पीएच जुळवा, हायपो नंतर घाला.

फळं दोन मिनिटं पाण्याखाली. मोसंबी तरंगते, त्यामुळे वरची फळं अर्धी कोरडीच राहतात. वरून जाळीचं झाकण दाबून धरा. दर तासाला पट्टी बघा. क्लोरीन ५० पीपीएमच्या खाली गेलं की भर घाला, आणि टाकीचा तळ दिसेनासा झाला की पाणी बदला. टँकरचं पाणी असताना हे जिवावर येतं, कबूल. पण गढूळ पाण्यात बुडवण्यापेक्षा त्या दिवशी कमी माल धुतलेला बरा.

क्लोरीन पाण्यातली आणि सालीवरची बुरशी मारतं. जखमेच्या आत पोहोचत नाही आणि नंतर राखणही करत नाही. "क्लोरीनमध्ये धुतलंय, मग औषध कशाला" हा हिशेब म्हणूनच चुकतो. धुतल्यावर साध्या स्वच्छ पाण्याने खळबळून, जाळीवर निथळू द्या. क्लोरीन अंगावर असतानाच फळ औषधात गेलं तर काही औषधं क्लोरीनने खराब होतात; आणि पाणी गळत असताना गेलं तर प्रत्येक कॅरेटमागे टाकीतलं औषध पातळ होत जातं.

## टप्पा ५: सोड्याचं पाणी

पावसातला माल असेल, आंबट सडीचा धाक असेल, तर हा टप्पा गाळू नका. खाण्याच्या सोड्याचं ३ टक्के द्रावण म्हणजे ३०० लिटरला ९ किलो. पाणी ४० ते ४५ अंश गरम, फळं दोन ते अडीच मिनिटं. तापमान हाताने नाही, तापमापकाने बघा. ५० च्या वर गेलं की सालीवर तपकिरी भाजल्याचे डाग येतात.

सोडा बीजाणू मारत नाही, त्याला जखमेत रुजू देत नाही, म्हणून पुढे औषध लागतंच. औषध अजिबात नको असलेल्या ग्राहकासाठी मात्र सोडा आणि लगेच थंड साठवण एवढ्यावरही थोड्या दिवसांचा माल निभावतो. सोड्यातून काढलेलं फळ साध्या पाण्याने हलकं धुवा. तसंच सुकलं तर साल सुरकुतते, वजन घटतं.

## टप्पा ६: बुरशीनाशक

### कुठलं

डब्यावरचं लेबल वाचा. त्यावर तुमचं पीक आणि काढणीनंतरचा वापर, दोन्ही छापलेलं नसेल तर ते औषध फळाच्या टाकीत जाणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. फवारणीचं औषध पावसाने, उन्हाने, दिवसांनी कमी होतं; टाकीत लावलेलं तसंच्या तसं ग्राहकाच्या घरी पोहोचतं. मोसंबीची साल किसून वापरणारे, फळ सालीसकट यंत्रात पिळणारेही असतात. निर्यातीचा माल असेल तर ज्या देशात जाणार तिथली अवशेष मर्यादा (फळावर औषध किती उरलेलं चालतं ते) आधी विचारा. कार्बेन्डाझिम इथे बागेत सर्रास फवारलं जातं, पण युरोपीय संघात त्याची मान्यता २०१४ मध्येच संपली.

आता ती वही उघडा. कार्बेन्डाझिम, थायोफेनेट मिथाइल आणि थायाबेन्डाझोल ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. बागेत कार्बेन्डाझिम दोनदा फवारलं असेल तर त्याला न जुमानणारी बुरशीच मागे उरलेली असते, आणि टाकीत थायाबेन्डाझोल घातलं की ती हसते. इमॅझालिलचं घराणं वेगळं, पण बागेत प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल वापरलं असेल तर ती त्याचीच भावंडं. नियम सोपा: बागेत जे घराणं, ते टाकीत नाही. आणि टाकीतही वर्षानुवर्षं एकच नाही.

### किती

जगभर लिंबूवर्गीय फळांना इमॅझालिल पाण्यातून साधारण ५०० पीपीएम आणि थायाबेन्डाझोल १००० पीपीएमच्या आसपास देतात. तुमच्या डब्यावरचा आकडा वेगळा असेल तर डब्यावरचाच खरा. सूत्र तेच: ५० टक्क्यांचं औषध, हवेत ५०० पीपीएम, तर ५०० ÷ ५०० = १; एका लिटरला १ मिलि, ३०० लिटरला ३०० मिलि. १००० पीपीएमला ६०० मिलि.

झाकणाने मोजू नका. भुकटीला ग्रॅमचा वजनकाटा, द्रवाला मोजपात्र. जास्त टाकलं तर जास्त टिकतं हा समज सोडा. मर्यादेबाहेरचा अवशेष निघाला तर अख्खी गाडी नाकारली जाते. कमी टाकलं तर त्याहून वाईट, कारण अर्धवट मात्रेत जी बुरशी तगते तीच पुढच्या वर्षी शेडभर असते.

### कसं कालवायचं

गोल ड्रम या कामाचा नाही. त्यात कॅरेट मावत नाही, मग फळं वरून ओतली जातात आणि टोपलीने उपसली जातात; दोन्ही वेळा नव्या जखमा होतात. चौकोनी टाकी घ्या, ज्यात भरलेलं कॅरेट आडवं पूर्ण बुडेल. टाकीत स्वच्छ पाणी मोजून भरा आणि त्या पातळीवर आतून रंगाची रेघ मारा.

औषध आधी बादलीभर पाण्यात काठीने एकजीव करा, गुठळ्या मोडा, मग टाकीत ओता. भुकटीची आणि दाट द्रवाची औषधं पाण्यात विरघळत नाहीत, तरंगत राहतात. ढवळणं थांबलं की तळाशी बसतात. तेव्हा पहिल्या कॅरेटला औषध मिळतं, चाळिसाव्याला नुसतं पाणी. लहान पंप लावून तळाचं पाणी वर फिरवत ठेवा. पंप नसेल तर प्रत्येक कॅरेटआधी तळापासून दहा वेळा काठी.

तपासा: काचेच्या पेल्यात टाकीतलं वरचं पाणी घ्या, दुसऱ्यात तळाचं. शेजारी ठेवून बघा. गढूळपणात फरक दिसला तर ढवळणं पुरत नाही.

### कसं बुडवायचं

निथळलेलं कॅरेट टाकीत, वरून जाळी दाबून, लेबलवर दिलेला वेळ. साधारण अर्धं ते दोन मिनिटं. मोबाइलवर वेळ लावा. "एक डुबकी" मारून काढलेल्या फळावर देठाच्या खोबणीत हवेचा बुडबुडा राहतो, आणि देठकुजीची जागा नेमकी तीच. बुडाल्यावर कॅरेट दोनदा हलकं हलवा.

कॅरेट काढल्यावर टाकीच्या काठावर तिरपं ठेवून थेंब थांबेपर्यंत निथळा. ते पाणी टाकीत परत जाऊ द्या. पातळी रेघेखाली गेली की साधं पाणी ओतून भरू नका. त्याच मापाचं कालवलेलं औषध वेगळ्या कॅनमध्ये तयार ठेवा आणि त्यानेच भरा. जिथे माप बरोबर असूनही दुपारनंतरचा माल सडतो, तिथे हीच चूक सापडते.

आज कालवलेलं आज संपवा. किती टन माल येणार याचा अंदाज घेऊन तेवढंच कालवलं तर उरत नाही. उरलंच तर ते विहिरीजवळ, ओढ्यात, ठिबकच्या टाकीत कुठेही नको. वस्तीपासून आणि पाण्यापासून लांब, जाड प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात ओता, कुंपण घाला, उन्हाने आटू द्या.

सावधान: रबरी हातमोजे कोपरापर्यंत, प्लास्टिकचा ॲप्रन, गमबूट, कालवताना चष्मा आणि तोंडाला मास्क. डब्यावरचा त्रिकोण हिरवा असला तरी हे सगळं लागतंच. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नाही. टाकीजवळ तंबाखू मळणं, डबा उघडणं बंद. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी टाकीत, मग डब्याला भोक पाडा. त्यात घरचं तेल भरणारे अजून आहेत.

माल रंगवण्यासाठी (हिरवी साल पिवळी करायला) इथिलीन वायूच्या खोलीत ठेवणार असाल तर औषध त्याआधी लावा. त्या खोलीतली ऊब आणि इथिलीन देठकुजीला पोसतात. कार्बाइडचा प्रश्नच नाही, त्यावर बंदी आहे.

## टप्पा ७: सुकवणं आणि मेण

औषधातून निघालेलं फळ धुवायचं नाही. सावलीत, जाळीच्या मांडवावर एकेरी थर, वरून पंखा. उन्हात ठेवलं तर साल तापते आणि औषधही खराब होतं. टोपीच्या कडेला बोट फिरवा. बोट ओलं लागलं तर अजून वेळ आहे.

मेण लावायचं तर पूर्ण सुकल्यावर. अन्नसुरक्षा नियमांत ताज्या फळांना मधमाशांचं मेण, कार्नौबा (ताडाच्या पानांचं मेण) आणि शेलॅक (लाख) एवढ्यांचीच परवानगी आहे, आणि मेण लावल्याचं लेबलवर लिहावं लागतं. औषध मेणात मिसळून देण्याची पद्धत आहे, पण मेणातून ते जखमेपर्यंत कमी पोहोचतं, म्हणून मात्रा पाण्यातल्यापेक्षा जास्त लागते, साधारण दुप्पट. पाण्यातही दिलं आणि मेणातही, असं दुहेरी करताना दोन्हीची बेरीज अवशेष मर्यादेत बसते का, हे आधी तपासून घ्या. ओल्या फळावर मेण लावलं की आत ओल कोंडते आणि साल पांढुरकी पडते.

## टप्पा ८: भरणं आणि थंड साठवण

खोक्याला हवेची भोकं हवीत आणि थप्पी लावताना ती समोरासमोर यायला हवीत. गवत, जुना कागद तळाला घालू नका, त्यांच्यावर बुरशी घरचीच असते.

मोसंबीला ६ ते ८ अंश तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. ४ च्या खाली गेलं की सालीला खड्डे पडतात, आणि बाहेर काढल्यावर बुरशी त्याच खड्ड्यांतून शिरते. थंडीत हिरवी बुरशी मंदावते, निळी मात्र हळूहळू वाढतच राहते. म्हणून साठवणीतल्या मालाची आठवड्याला एकदा पाहणी, आणि घोळका सापडला तर त्या खोक्यातली सगळी फळं वेगळी, नुसतं सडकं एक नाही.

थंड खोलीतून माल थेट दुपारच्या उन्हात काढला की फळांना घाम सुटतो. आठवडाभर कोरडी ठेवलेली साल पाच मिनिटांत ओली होते. पहाटे काढा, किंवा मधल्या खोलीत काही तास ठेवून मग गाडीत भरा.

## हीच टाकी दुसऱ्या फळांना नको

केसर आंब्यावर करपा कोवळ्या फळातच शिरून सालीखाली दबा धरून बसतो. त्याला ५२ अंशाच्या पाण्यात सुमारे १० मिनिटं बुडवण्याची वेगळी पद्धत आहे, आणि तिथे दोन अंश वर गेले की फळ भाजतं. डाळिंबाच्या टोकावरच्या मुकुटात पाणी साचतं, तिथेच सड सुरू होते, त्यामुळे बुडवण्यापेक्षा कोरडी निवड आणि थंडी बरी. सीताफळाच्या खाचांतलं पाणी सुकवणं जवळपास अशक्य. द्राक्षाला पाणीच लावत नाहीत, खोक्यात ग्रेप गार्डचा (गंधकाचा वायू सोडणारा) कागद घालतात. अर्धापूर भागातल्या केळीला सड लागते ती फणी कापलेल्या जागी, म्हणून तुरटीच्या पाण्यात चीक धुवून औषध त्या कापावरच लावतात; शिवाय केळी १३ अंशांच्या खाली काळी पडते, मोसंबीच्या खोलीत ती ठेवता येत नाही.

## औषध चाललं का, हे कसं कळणार

प्रत्येक नव्या बागेच्या पहिल्या दिवशी एकाच झाडाच्या ओळीतली १०० फळं बाजूला घ्या. ५० नेहमीप्रमाणे सगळ्या टप्प्यांतून काढा. ५० नुसती धुवून सुकवा, औषध नाही. दोन वेगळ्या कॅरेटमध्ये, चिठ्ठी लावून, शेडपासून लांब सावलीत दहा दिवस. तिसऱ्या दिवसापासून रोज बघा, सडलेलं फळ काढा आणि कुठली सड ते लिहा.

औषधाविना ५० मध्ये १० सडली आणि औषधाच्या ५० मध्ये एक-दोन, तर टाकी काम करते आहे. दोन्हींत सारखीच हिरवी बुरशी आली तर माप, ढवळणं आणि भर घालण्याची पद्धत आधी तपासा. ती बरोबर निघाली तर घराणं बदला. दोन्हींत आंबट सड आली तर औषध बदलून उपयोग नाही, तोडणीच्या जागी मातीवरचा ढीग शोधा. आणि दोन्हींत देठकूज दिसली तर त्या बागेचा उरलेला माल साठवू नका, त्याच आठवड्यात पाचोड किंवा जालन्याच्या बाजारात लावा.